मत्स्यालयांतील शार्क

रानांतल्या प्राण्यांना माणसाळविण्याचा इतिहास फार जुना आहे. कुत्रा, गाय, घोडा, हत्ती हे माणसाच्या दारीं आले त्याला हजारों वर्षें लोटलीं. समुद्रांतला जीव घरांत आणून ठेवण्याची कल्पना मात्र अगदीं अलीकडची; तिचें वय अद्याप दोनशें वर्षेंही भरलेलें नाहीं. आणि ज्याचें नांव काढतांच अंगावर कांटा उभा राहतो त्या शार्कला कांचेआड कोंडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसण्याची हौस तर त्याहूनही नवी. आज मोठमोठ्या शहरांत शोभेच्या माशांच्या दुकानांतून एखादें गिऱ्हाईक सहज विचारतें, 'घरीं शार्क पाळतां येईल काय? त्याला केवढी टाकी लागेल?' प्रश्न दोन वाक्यांचा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यांत माणसाचीं पावणेदोनशें वर्षें गेलीं, आणि त्या शोधाची किंमत पुष्कळदां शार्कनें आपला जीव देऊन चुकती केली.

या इतिहासाचा आरंभ होतो तो शार्कपासून नव्हे, तर एका इंग्रज बाईंच्या पोवळ्यांपासून. अ‍ॅना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें लंडनमध्यें आणलीं आणि समुद्राच्याच पाण्यांत तीं घरीं जगविण्याचा प्रयत्न केला. पाणी शिळें होऊं नये म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पाऊण-पाऊण तास ओतीत असे. आज विजेचा पंप जें काम मुकाट्यानें करतो तें काम त्या काळीं एका मोलकरणीचे हात करीत होते. पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच भांड्यांत मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई ठेवल्या, तर पाणी न बदलतांही तें महिनोन् महिने स्वच्छ राहतें असें त्यानें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें या विषयावर ग्रंथ लिहून कांचेच्या टाकीचें वेड मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पोहोंचविलें. समुद्र दूर असलेल्यांसाठीं क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीतही त्यानेंच प्रचारांत आणली.

वॉरिंग्टनचा प्रयोग खरा होता, परंतु त्याची उपपत्ति निम्मीच खरी होती. वनस्पति प्राणवायु देतात व मासे तो घेतात, एवढ्या हिशेबावर टाकीचें गाडें चालतें असें तेव्हां वाटे. पाण्याचा खरा शत्रु मात्र निराळाच आहे. माशाच्या कल्ल्यांतून व त्याच्या मलांतून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया हें माशाला विष आहे. वाळूच्या व दगडांच्या पृष्ठावर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. यांपैकीं शेवटचा पदार्थ पुष्कळच सौम्य असतो. म्हणजे टाकींत जो पाळावयाचा तो मासा नंतर. आधीं पाळावे लागतात ते डोळ्यांना न दिसणारे हे जंतु. त्यांची वस्ती नीट बसण्यास कित्येक आठवडे लागतात. सोन्यासारख्या चार माशांच्या बाबतींत ही गोष्ट चुकली तर थोडें नुकसान होतें. शार्क हा मांसाहारी, मोठ्या घासाचा आणि तितकाच मोठा मलोत्सर्ग करणारा प्राणी; त्याच्या बाबतींत ती चुकली तर सारेंच संपतें.

शार्कचें मत्स्यालयांतलें पहिलें बिऱ्हाड थाटलें तें लहान जातींनीं. युरोपच्या किनाऱ्यावर ज्याला कुत्रामासा म्हणतात तो दोन-अडीच फुटांचा, ठिपकेदार, तळाशीं पडून राहणारा शार्क कोळ्यांच्या जाळ्यांत वारंवार येई, आणि टाकींतही तो बरा टिके. १८७२ सालीं ब्रायटन येथें भव्य मत्स्यालय उघडलें; त्यांतील सर्वांत मोठी टाकी शंभर फुटांहून अधिक लांब होती. त्याच सालीं आंतोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञानें इटलींत नेपल्स येथें सागरी संशोधनसंस्था स्थापन केली, आणि १८७४ सालीं तिचें मत्स्यालय लोकांना खुलें झालें. याच वर्षीं केंब्रिजचा तरुण संशोधक फ्रान्सिस बाल्फर नेपल्सला आला. शार्कच्या अंड्यांतील गर्भाची वाढ त्यानें दिवसादिवसानें तपासली व १८७८ सालीं त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पृष्ठवंशी प्राण्यांचा गर्भ कसा घडत जातो याविषयींच्या ज्ञानांत त्या प्रबंधाचें स्थान फार वरचें आहे. शार्क बाळगण्याची उठाठेव केवळ तमाशासाठीं नव्हती, हें येथें प्रथमच दिसून आलें.

परंतु या यशामुळें एक गैरसमज बळावला. कुत्रामासा टाकींत राहतो, तर त्याचे थोरले भाईबंदही मोठ्या टाकींत राहतील, असें लोकांना वाटूं लागलें. तें तसें नाहीं, आणि त्याचें कारण शार्कच्या श्वासांत आहे. तळाशीं विसांवणाऱ्या जाती तोंडाच्या स्नायूंनीं पाणी आंत ओढून कल्ल्यांवरून सोडतात. त्यांना स्वस्थ पडून श्वास घेतां येतो. उघड्या समुद्रांतल्या कित्येक जातींची ही शक्ति जवळजवळ लोपली आहे. त्या तोंड किंचित् उघडें ठेवून सतत पुढें पोहतात, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहतें. पोहणें थांबलें कीं श्वास थांबला. शिवाय इतर माशांना असतो तसा हवेचा फुगा शार्कच्या पोटांत नसतो. तेलानें भरलेलें प्रचंड यकृत त्याला कांहींसें हलकें ठेवतें खरें, तरी पोहणें थांबलें कीं तो खालीं जाऊं लागतो. (दुसऱ्या महायुद्धांत कॉड माशाचें तेल परदेशांतून येणें दुरापास्त झालें, तेव्हां शार्कच्या याच यकृताचें तेल काढण्याचा धंदा मुंबई, मद्रास व त्रावणकोर या भागांत उभा राहिला.) अशा प्राण्याला चौकोनी टाकींत सोडणें म्हणजे धांवत राहिल्यावांचून ज्याला श्वासच घेतां येत नाहीं त्याला खोलींत कोंडण्यासारखें आहे. दर चार हातांवर भिंत येते, दर भिंतीशीं वळावें लागतें, आणि दर वळणाला त्याची गति तुटते.

ही अडचण सोडविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकांत सुरू झाले. जपानांत इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर १९३४ सालीं एक व्हेल शार्क, म्हणजे जगांतला सर्वांत मोठा मासा, समुद्राचाच एक भाग जाळ्यानें अडवून त्यांत सुमारें चार महिने ठेवण्यांत आला. चार वर्षांनीं, १९३८ सालीं, अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें मरीन स्टुडिओज नांवाची संस्था उघडली. पाण्याखालील चित्रपट घेतां यावेत म्हणून तिचे अवाढव्य हौद बांधले होते. पकडतांना धडपडून थकलेला शार्क हौदांत सोडला कीं तळाशीं जाऊन मरे. म्हणून फ्लॉरिडांतील अशा हौदांतून माणसें स्वतः पाण्यांत उतरत आणि त्या शार्कला दोन्ही हातांनीं धरून, त्याच्या तोंडांत पाणी शिरेल अशा बेतानें, तासन् तास चालवीत. शार्कला हात धरून फिरावयास नेणारा माणूस हें दृश्य हास्यास्पद खरें. पण त्यांत समुद्राची एक मोठी शिकवण होती. पाणी पुरेसें असणें निराळें, आणि तें वाहतें असणें निराळें.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें, आणि एरवीं कोळणीच्या पाटींत दिसणारा समुद्र महाराष्ट्रांतील हजारों कुटुंबांना कांचेपलीकडे जिवंत पाहावयास मिळाला. कोंकणांत व मुंबईच्या बाजारांत शार्कच्या लहान जाती 'मुशी' किंवा 'मोरी' या नांवानें पूर्वींपासून परिचित आहेत. बाळंतिणीला मुशी खाऊं घालण्याची चालही किनाऱ्यावर आहे. ज्या प्राण्याचा परिचय केवळ जिभेला होता त्याच्या स्वभावाचा परिचय मात्र शास्त्रज्ञांनाही फारसा नव्हता. शार्क म्हणजे निर्बुद्ध जबडा, अशीच समजूत होती. ती खोटी ठरविण्याचें श्रेय बव्हंशीं यूजिनी क्लार्क या विदुषींना आहे. फ्लॉरिडांत १९५५ सालीं त्यांनीं एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. किनाऱ्यालगत कुंपण घातलेल्या पाण्यांत ठेवलेल्या लेमन शार्कांना त्यांनीं असें शिकविलें कीं, विशिष्ट फळीवर नाक दाबलें तर खाऊ मिळतो. हिवाळ्यांत कित्येक आठवडे शिकवणी बंद राहिली, तरी त्या शार्कांना धडा विसरला नव्हता. हे प्रयोग १९५९ सालीं प्रसिद्ध झाले.

आतां ज्या शार्कमुळें साऱ्या जातीला दुष्कीर्ति लाभली त्या पांढऱ्या शार्ककडे वळावें लागतें. त्याला मत्स्यालयांत ठेवण्याची महत्त्वाकांक्षा अनेक संस्थांनीं बाळगली, आणि त्यांच्या दैनंदिन्या म्हणजे मृत्यूची नोंदवही झाली. १९८० सालीं सॅनफ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयानें एक मादी वर्तुळाकार हौदांत ठेवली. ती भिंतीच्या एकाच ठिकाणीं पुनःपुन्हां धडकूं लागली. तपास करतां तेथें अत्यंत सूक्ष्म असा विद्युद्भेद आढळला. शार्कच्या नाकाभोंवतीं बारीक छिद्रें असतात. त्यांतील इंद्रियाला वाळूखालीं दडलेल्या माशाच्या स्नायूंतली वीजही जाणवते. माणसाच्या यंत्रांतून झिरपणारी वीज त्या मादीला सहन झाली नाहीं, आणि कांहीं दिवसांतच तिला समुद्रांत सोडून देण्यांत आलें. १९८१ सालीं सॅन डिएगोच्या संस्थेंत एक पांढरा शार्क सोळा दिवस जगला व नंतर त्याला मुक्त करण्यांत आलें. त्यापूर्वीं अकरा दिवसांहून अधिक काळ कोणताही टिकला नव्हता.

यश आलें तें कॅलिफोर्नियांतील माँटेरे बे मत्स्यालयाला, आणि तेंही वीस वर्षांच्या चिकाटीनंतर. १९८४ सालीं तेथें आणलेला पहिला पांढरा शार्क अकराव्या दिवशीं मेला होता. पुढें संस्थेनें सारी पद्धतच बदलली. २००४ सालीं कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडलेलें पांच फुटांचें मादी पिलूं प्रथम समुद्रांतच जाळ्याच्या विस्तीर्ण कुंपणांत ठेवलें. तें तेथें नीट पोहतें, नीट खातें अशी खात्री पटल्यावरच सुमारें ३८ लाख लिटर पाण्याच्या हौदांत आणलें. तेथें तें १९८ दिवस राहिलें. येतांना त्याचें वजन ६२ पौंड होतें, जातांना १६२ पौंड. त्याला पाहण्यासाठीं दहा लाखांच्या घरांत लोक लोटले. पण फेब्रुवारी २००५ मध्यें त्यानें हौदांतील दुसऱ्या जातीचे दोन शार्क मारले, आणि ३१ मार्च रोजीं त्याला समुद्रांत सोडण्यांत आलें. पुढें २०११ पर्यंत तेथें आणखी पांच पिलें ठेवण्यांत आलीं. शेवटचें पिलूं मुक्त केल्यानंतर थोड्याच वेळांत मेलें, आणि संस्थेनें हा उद्योग थांबविला. जपानांतील ओकिनावा येथें जानेवारी २०१६ मध्यें साडेतीन मीटरांचा मोठा नर आणला गेला. तो तीन दिवसांत मेला. जगांतल्या श्रीमंतांतल्या श्रीमंत संस्थेलाही पूर्ण वाढलेला पांढरा शार्क कांचेआड ठेवतां आलेला नाहीं.

व्हेल शार्कची कथा याहून बरी असली तरी निर्भेळ नाहीं. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयांत २००२ सालीं ७५ लाख लिटरांचा हौद तयार झाला. तेथील एका नराला १९९५ सालीं आणलें होतें. तो कित्येक दशकें जगला व साडेआठ मीटरांपर्यंत वाढला. उलट अमेरिकेंतील अटलांटा येथें २००५ सालीं उघडलेल्या जॉर्जिया मत्स्यालयांत तैवानहून विमानानें आणलेले राल्फ व नॉर्टन हे दोन नर २००७ सालीं, अवघ्या पांच महिन्यांच्या अंतरानें, दगावले. हौदांतील परोपजीवी मारण्यासाठीं घातलेल्या औषधानें त्यांची भूक मेली असावी, असा संशय पुढें व्यक्त झाला. जें औषध इतर माशांना मानवतें तें शार्कला मानवेलच असें नाहीं, हा धडा त्या दोन मृत्यूंनीं दिला. या बाबतींत एक बाजू अशीही आहे कीं, तैवानच्या कोळ्यांनीं ते मासे खाण्यासाठींच विकले असते. भारतांतही सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या माशाची मोठी शिकार होत असे. २००१ सालीं त्याला वन्यजीवसंरक्षण कायद्याचें कवच मिळालें.

बंदिवासानें ज्ञानांत घातलेली एक विलक्षण भरही सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील ओमाहा शहराच्या प्राणिसंग्रहालयांत बॉनेटहेड जातीच्या तीन माद्या तीन वर्षें नराशिवाय राहत होत्या. डिसेंबर २००१ मध्यें त्यांच्या हौदांत एक पिलूं जन्मलें. तें हौदांतल्या दुसऱ्या माशाच्या दंशानें मेलें. परंतु त्याच्या पेशी तपासल्यावर २००७ सालीं सिद्ध झालें कीं, त्याला बापच नव्हता. शार्कमध्यें कुमारीप्रसूति होऊं शकते, हें माणसाला प्रथम कळलें तें एका टाकीमुळें.

एवढा इतिहास पाठीशीं ठेवून घरगुती टाकीच्या प्रश्नाकडे पाहिलें म्हणजे उत्तर आपोआप आखडतें. प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानांतून गोड्या पाण्यांतले जे 'शार्क' स्वस्तांत मिळतात ते शार्क नव्हेतच. 'रेड-टेल शार्क' व 'बाला शार्क' हे रोहू-कटल्याच्या गणांतले, तर 'इरिडेसंट शार्क' हा मिशाळ मासा, म्हणजे भारतांत खाण्यासाठीं ज्याची शेती होते तो पंगसच. बोटभर असतांना घेतलेलें त्याचें पिलूं पुढें एक मीटरपर्यंत वाढूं शकतें, आणि दोन फुटांच्या टाकींतला त्याचा शेवट सांगावयास नको.

खऱ्या शार्कांपैकीं घरांत राहूं शकतील अशा जाती मोजक्या आहेत: बांबू शार्क, एपॉलेट शार्क आणि प्रवाळांत राहणारे कांहीं कॅटशार्क. बांबू शार्कच्या कांहीं जाती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही सांपडतात. हे सारे तळाशीं विसांवणारे, म्हणजे ब्रायटन व नेपल्सच्या कुत्रामाशाच्याच वळणाचे. बांबू शार्कचें अंडें चार-पांच महिन्यांनीं फुटतें. पिलूं वीतभर असतें, पण मोठेपणीं तें एक मीटरच्या जवळपास जातें आणि वीस-पंचवीस वर्षें जगूं शकतें. म्हणून टाकी पिलाच्या मापाची नव्हे, प्रौढाच्या मापाची हवी.

समजा, टाकी आठ फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट उंच आहे. एका बांबू शार्कला हें माप उदार नव्हे, केवळ रास्त होय. तिच्यांत ६४ घनफूट, म्हणजे सुमारें १,८०० लिटर पाणी मावेल. समुद्रजल गोड्या पाण्याहून जड असल्यानें नुसत्या पाण्याचें वजन साडेअठरा क्विंटलांच्या आसपास होईल. दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या जमिनीनें एवढा भार सोसावा कीं नाहीं, हें आधीं स्थापत्यविशारदाला विचारलेलें बरें. लिटरमागें ३५ ग्रॅम धरल्यास टाकी भरण्यास ६३ किलो क्षार लागतील. महिन्याला चौथाई पाणी बदललें तर दर खेपेस सुमारें १६ किलो. पाणी २४ ते २६ अंश उष्णतेचें असावें. तळाला बारीक मऊ वाळू हवी, कारण खडबडीत खडीनें पोट खरचटतें. दगड वाळूवर न ठेवतां थेट तळावर बसवावे, कारण शार्क वाळू उकरतो व दगड अंगावर ओढून घेतो. वर घट्ट झांकण असावें. माशांच्या रोगावर सर्रास वापरतात तें तांब्याचें औषध या टाकींत कदापि घालूं नये. शार्कला तें विष आहे. पंपाची वीज पाण्यांत झिरपतां कामा नये. आहार आठवड्यांतून दोन-तीन वेळां: माकूळ, कोळंबी, ताज्या माशाचे तुकडे. आयोडिनाची उणीव राहिली तर बंदिवान शार्कच्या गळ्याला गलगंड येतो, म्हणून तीही भरून काढावी लागते.

आणि एवढें सारें केल्यावर हाताशीं येतो तो सिनेमांतला शार्क नव्हे. तो दिवसाचा बराच वेळ दगडाच्या कपारींत निजून असतो व रात्रीं दिवे मालवल्यावर फिरतो. ज्याला दिवाणखान्यांत थरार हवा त्याची यांत निराशाच व्हावयाची. नर्स शार्कचें किंवा काळ्या टोकाच्या रीफ शार्कचें पिलूं घेऊन ती निराशा टाळूं पाहणाऱ्यानें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, यांतील पहिला तीन मीटरांपर्यंत वाढतो आणि दुसरा अखंड पोहणारा आहे. अशा वाढलेल्या शार्कला कोणतेंही मत्स्यालय सहसा स्वीकारीत नाहीं, कारण त्यांच्याकडे असे पुष्कळ पूर्वींच येऊन पडलेले असतात. टाकींतला रोग बाहेर पसरूं नये म्हणून त्याला समुद्रांत सोडून देणेंही योग्य नसतें. मग त्याला जागाच उरत नाहीं.

अ‍ॅना थिन यांच्या मोलकरणीनें ओतलेल्या पाण्यापासून ओकिनावाच्या ७५ लाख लिटरांपर्यंत टाकी वाढत गेली. प्रत्येक पायरीवर माणसाला एकच गोष्ट नव्यानें कळली: प्राण्याला किती पाणी लागतें हें त्याच्या लांबीवरून नव्हे, तर त्याच्या जगण्याच्या रीतीवरून ठरतें. ज्या शार्कची रीत तळाशीं विसांवण्याची आहे त्याला आठ फुटांत संसार करतां येतो, तोही धनी वीस वर्षें जागा राहिला तरच. ज्याची रीत वाहत राहण्याची आहे त्याच्यासाठीं टाकी कितीही मोठी बांधली तरी तिला भिंत असतेच, आणि त्या भिंतीशीं त्याची गांठ केव्हां ना केव्हां पडते. त्याला पाहावयाचें असेल तर माणसानेंच समुद्राकडे जावें, हें उत्तर सर्वांत स्वस्त आणि त्या प्राण्याला सर्वांत सोयीचें आहे.